पंप नियंत्रक, फिरता

रोज सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कुंदा बाभुळकरांचा फोन बोलायला लागायचा.

"जॅकवेल, पंप एक?"

"हजर."

"जॅकवेल, पंप दोन?"

"हजर."

"जॅकवेल, पंप तीन?"

"हजर."

"गाळटाकी, पातळीमापक?"

"हजर रे बाबा, हजर."

"कृपया फक्त हजर म्हणा," फोन मंजुळ आवाजात सांगायचा आणि गाळटाकीपासून पुन्हा सुरू करायचा. तोवर चहावर साय धरायची. कुंदाबाई ती बोटाने बाजूला सारायच्या आणि थंडगार चहा औषधासारखा पिऊन टाकायच्या.

अहो, माणसाच्या नशिबी काय काय येतं! कुंदाबाई बोरखेडच्या जलशुद्धीकरण केंद्रात लागल्या त्या भांडारात. नळाचे सांधे, वायसर, ब्लीचिंगची पोती मोजता मोजता केस पांढरे झाले. आता निवांत निवृत्त व्हावं, तर तो प्रकार झाला. कुठल्याशा शहराच्या पाणीपुरवठ्यात एक जुना मोडेम कपाटामागे तसाच चालू राहिला होता. बसवणारा ठेकेदार गेला, बसवून घेणारा साहेब बदलून गेला, कोणाच्या लेखी तो मोडेम नव्हताच. त्याच वाटेने कोणीतरी हजारो मैलांवरून आत शिरलं आणि क्लोरीनची मात्रा वाढवून ठेवली. शहराने नेहमीसारखं सकाळचं पाणी भरलं. पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

मग कायदा आला. पाणी, वीज, रेल्वे, जिथे जिथे लोकांचे जीव टांगलेले आहेत तिथल्या प्रत्येक उपकरणाची नोंद हवी, प्रत्येकावर बिल्ला हवा, आणि प्रत्येकाला एक जिवंत पालक हवा. हा 'पालक' शब्द मंत्रालयात कोणाला सुचला देव जाणे. पालकाने रोज आपापल्या उपकरणांची हजेरी द्यायची. पालक मेला किंवा सोडून गेला की उपकरण अनाथ, आणि अनाथ उपकरण कामावर ठेवायचं नाही. बोरखेडमध्ये पालक व्हायला कोणी पुढे येईना, जो तो अंग चोरून उभा. शेवटी "बाईंना मोजायची सवय आहे" असं म्हणून सगळं लचांड कुंदाबाईंच्या गळ्यात पडलं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. मूलबाळ नाही, आणि सरकारदरबारी शेकडो लेकरांची आई!

"बाई, धाकट्याले शाळेत घातलं का?" शेषराव ढोके रोज चिडवायचे.

"तुम्हीच घ्या दत्तक त्याला," बाई म्हणायच्या.

शेषराव जॅकवेलवरचे पंपचालक. जॅकवेल म्हणजे धरणाच्या पाण्यात उभारलेली मोठी विहीर. तिथून पाणी उचलायचं आणि काठावरच्या केंद्रात सोडायचं. काठापासून तिथवर एक लांबच लांब अरुंद पूल, माणूस भराभर चालला तरी वीस मिनिटं लागायची. शेषरावांची उभी हयात त्या विहिरीवर गेली. तिथल्या तीन पंपांना त्यांनी थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती आणि त्यांच्याशी ते बोलायचेही. बायको वारल्यापासून तर जास्तच. मुलगा बंगळुरूला, घर रिकामं. दुपारचा डबा मात्र ते पूल ओलांडून काठावर येऊन बाईंबरोबर खायचे. ठेचा त्यांचा, भाजी बाईंची, हे ठरलेलं. किती वर्षांपासून, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

नवरात्राच्या आधी केंद्रात हजेरीचं नवं यंत्र बसलं. जुनी हजेरी नुसती रेडिओलहरी ऐकायची. गप्प बसलेलं उपकरण तिला सापडायचं नाही. नव्याची गोष्ट वेगळी होती.

प्रत्येक यंत्राच्या पोटात वेळ मोजणारा एक बारीकसा स्फटिक असतो. तो सेकंदाला लाखो ठोके देतो, पण अचूक एकही स्फटिक देत नाही. एक केसभर घाईत असतो, दुसरा केसभर रेंगाळतो, तिसरा उन्हात बिघडतो आणि सावलीत सुधारतो. कारखान्यात शेजारी शेजारी कापलेल्या दोन स्फटिकांच्याही चुका वेगळ्या. नाव बदलता येतं, नंबर बदलता येतो, पण ही चूक कोणाला उचलता येत नाही. नवं यंत्र या चुकांवरून उपकरणं ओळखायचं. ऐकण्यासाठी त्यात हिरे होते, तेही खोट असलेले. हिऱ्यातल्या कार्बनच्या एका अणूची जागा रिकामी असावी आणि शेजारी नायट्रोजनचा अणू येऊन बसलेला असावा. अशा जागेवर हिरवा प्रकाश टाकला की ती लाल उजळते, आणि आसपास चुंबकत्वाची नुसती झुळूक आली तरी तो उजेड बदलतो. चालू असलेल्या कोणत्याही यंत्राभोवती अशी झुळूक असतेच. त्या हिऱ्यांच्या डब्या प्रत्येक खोलीच्या छताला आणि पुलाच्या प्रत्येक खांबाला लागल्या.

आणि एक गोष्ट या यंत्राला जमायची. अनोळखी उपकरण सापडलं की तीन दिवस ते विचारायचं, 'याचा पालक कोण?' कोणी पुढे आलं नाही, की चौथ्या दिवशी दुपारी बाराला ते त्या स्फटिकाच्या चालीत आपले उलटे ठोके मिसळायचं. स्फटिक अडखळायचा, उपकरण जागच्या जागी थिजायचं. याला कायद्यात 'गप्प करणे' म्हटलं होतं. केंद्रातून कोणालाच ते थांबवता यायचं नाही. फितूर माणूस आतलाही असू शकतो, म्हणून मुद्दामच तशी सोय ठेवली होती.

दुसऱ्या माळेला फोनने सगळी हजेरी घेतली आणि शेवटी म्हणाला, "अनोळखी उपकरण. एक. पालक कोण?"

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

त्यांनी सगळं पालथं घातलं. कपाटं सरकवली, छताच्या फळ्या काढल्या, शिपायाचं घड्याळसुद्धा उतरवून पाहिलं. काही नाही. मग नकाशा उघडला, तर तो अनोळखी ठिपका चक्क चालत होता! सकाळी पुलावरून जॅकवेलकडे, दुपारी पुलावरून काठाकडे. दुपारी तो बाईंच्या टेबलासमोर येऊन थांबायचा आणि डबा संपेपर्यंत तिथेच असायचा.

बाईंनी घास खाली ठेवला. समोर शेषराव भाकरी मोडत होते.

"शेषराव, खिशात काही आहे का?"

"तंबाखू हाय. डॉक्टरनं बंद सांगतली, म्हणून नुसती वास घ्याले."

"काही यंत्रबिंत? कोणी दिलेलं, ठेवायला?"

शेषरावांचा हात थांबला, मग पुन्हा भाकरीकडे गेला. "मले कोन काय देते बाई? भाजी लय खारट झाली आज."

भाजी खारट नव्हती. शेषराव खोटं बोलत होते, आणि बाईंना ते लख्ख कळलं. ते पंधरा दिवसांच्या रजेवर गेले होते, भाचीच्या लग्नाला म्हणून. परत आले त्याच दिवसापासून ठिपका सुरू झाला होता. एकट्या माणसाला गाठून त्याच्या हाती काहीतरी देणारी माणसं असतात, हे बाईंनी प्रशिक्षणात ऐकलं होतं. त्या दिवशी ठेचा तसाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी कामाचं निमित्त सांगून त्या डबा खायला आल्याच नाहीत. वरती कळवायला हवं होतं. कायद्याने तर लगेच. पण हात फोनकडे जाईना. आपल्या माणसाला चोर म्हणायचं म्हणजे जिवावर येतं हो.

चौथ्या दिवशी अकरा वाजून गेले तेव्हा कुठे बाईंनी टॅब काखोटीला मारला आणि त्या पुलावरून निघाल्या. ऊन मी म्हणत होतं. गुडघे कुरकुरत होते. हळूहळू चालत जॅकवेलला पोचेपर्यंत बाराला सात-आठ मिनिटंच उरली होती.

शेषराव थोरलीच्या मोटरीला तेल देत होते. बाईंना पाहून ते चपापले.

"बाई? तुम्ही काहून आल्या एवढ्या उन्हात?"

"माझ्याशी खोटं बोलू नका." बाईंना दम लागला होता. "ते जे काय तुमच्याकडे आहे ना, ते द्या माझ्याकडे. बाराला यंत्र ते गप्प करणार, मग तपासणीची माणसं येणार, तुम्हाला धरून नेणार. आत्ता दिलंत तर मी म्हणेन, मला भिंतीमागे सापडलं. कोणी दिलं, किती दिवस, मी एक अक्षर विचारणार नाही. द्या, शेषराव. हात जोडते."

"गप्प करते म्हंजे?"

"म्हणजे बंद पाडतं. थिजवतं. तीन दिवस झाले विचारतंय ते."

शेषरावांनी तेलाचा डबा खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. मग सावकाश शर्टाची वरची बटणं सोडली. डाव्या खांद्याखाली बोटभर लांबीचा नवा, लालसर व्रण होता आणि त्याखाली कातडी आगपेटीएवढी वर आली होती.

"काढून देता येत असतं तं दिलं नसतं का, बाई?"

बाईंनी पुढे होऊन तो व्रण पाहिला.

"ठोके चुकत होते. दोनदा घेरी येऊन पडलो. भाचीचं लग्न नव्हतं, दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणे, हे यंत्र दिलाले चालवते, मोटरीजवळ गेलं तरी काई होत नाई. पण हापिसात कळलं असतं तं घरी बसवलं असतं मले. नियम हाय ना, असा माणूस जॅकवेलवर एकटा नाई पायजे. घरी कोन हाय बाई? हितं ह्या तिघी तं हायेत."

"अहो, मूर्ख माणसा!" बाई किंचाळल्याच. "मला नाही सांगायचं?"

"तुम्ही नोंद केली असती."

हे मात्र खरं होतं.

बाईंनी तपासणी कार्यालयाला फोन लावला. वैद्यकीय उपकरणाला सूट होती, पण त्यासाठी दवाखान्याचा दाखला, साहेबांची शिफारस आणि मुंबईची मंजुरी लागत होती. पलीकडची मुलगी हे सगळं सांगत असतानाच बाईंनी फोन ठेवला. पळायचं म्हटलं तर पूल लांब, आणि त्याच्या खांबाखांबावर तेच हिरे टपलेले. बाराला चार मिनिटं होती. उपकरण नोंदीत असेल तरच यंत्र त्याला हात लावणार नव्हतं. दुसरी वाट नव्हती.

"बसा खाली," बाई म्हणाल्या. "कार्ड असेल ना दवाखान्याचं? द्या इकडे."

टॅब उघडून अनोळखी ठिपका दाबला, तसा अर्ज आला. 'प्रकार' विचारत होता: झडप, मापक, पंप, नियंत्रक. बाईंचं बोट क्षणभर थबकलं. मग त्यांनी भराभर निवडलं: पंप नियंत्रक.

"उपयोग?" टॅबने विचारलं. पंप चालू ठेवणे.

"ठिकाण?" फिरता.

कार्डावरचा नंबर घालताना बोटं घामाने घसरत होती. दोनदा चुकला. शेषराव भिंतीला टेकून थोरलीकडे बघत होते.

"मुदत संपल्यावर विल्हेवाट कशी लावणार?" याशिवाय पान पुढे सरकेना. भंगार, कंपनीला परत, पुरून, जाळून. बाईंनी मान वर केली नाही.

"काय इचारते ते?" शेषरावांनी विचारलं.

बाईंनी वाचून दाखवलं.

"जाळून दाबा," शेषराव म्हणाले. "तेवढं बरोबर हाय."

बाईंनी दाबलं. शेवटी शपथ आली. 'हे उपकरण आदेश मिळताच मी बंद करू शकते, याची मी पालक म्हणून ग्वाही देते.' बाईंनी नोकरीत एक वायसर कधी जास्तीचा लिहिला नव्हता. भांडारातले लोक त्यांना त्यावरून हसायचे. त्यांनी टॅबसमोर चेहरा धरला आणि म्हटलं, "हजर."

टॅबने विचार केला. भारीच विचार केला मेल्याने! मग पान हिरवं झालं. थोडक्याच वेळात काठावरचा भोंगा वाजला, बारा झाले. दोघंही शेषरावांच्या छातीकडे बघत बसली. पंप घुमत होते, आणि शेषरावांचा श्वास चालू होता.

"भूक लागली," ते म्हणाले.

बाईंना रडू कोसळलं.

नव्या नोंदीचा बिल्ला, पत्र्याचा, इतरांसारखाच, बाईंनी दुसऱ्या दिवशी शेषरावांच्या खिशात टाकला. आता यावर पडदा पडला असता तर किती बरं! पण त्याच आठवड्यात टीव्हीवर खालच्या पट्टीत एक ओळ सरकून गेली. दूरच्या एका वीजकेंद्रात एक तंत्रज्ञ कामावर असताना कोसळून मरण पावला होता. वेळ दुपारी बाराची, कारण उष्माघात. तिथेही नवं यंत्र बसलं होतं, एवढं बाईंना ठाऊक होतं. बाकी काहीच ठाऊक नव्हतं. पण त्या ओळीने त्यांची झोप उडवली ती उडवलीच. कोणाकोणाच्या छातीत काय आहे, आणि कोण कोण घरी बसायच्या भीतीने ते लपवतंय, हे त्या यंत्राला कोण सांगणार होतं?

खंडेनवमीला केंद्रात शस्त्रपूजा असते. शस्त्रं म्हणजे इथली हत्यारं: पाने, पक्कड, झडपांची चाकं, पंप. सगळं धुऊनपुसून हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि पेढे वाटायचे. यंदा बिल्ल्यांमुळे पुजाऱ्याची सोय झाली. बिल्ला दिसेल तिथे फूल. नेमक्या त्याच दिवशी तन्वीर पठाण आले.

तन्वीर विभागाचे तपासणी अधिकारी. वयाने तरुण, पण गावोगाव फिरून डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यांनी पेढा खाल्ला, पाणी मागितलं आणि टॅब काढला. "ताई, फार वेळ नाही घेत. यंत्राने नव्या नोंदींतली एक निवडलीय. पंप नियंत्रक, फिरता. तो बघायचा आणि तुम्ही बंद करून दाखवायचा, की मी निघालो."

बाईंनी शेषरावांकडे पाहिलं. शेषरावांनी हळूच एक स्टीलचा डबा पुढे सरकवला. त्यांनी तो आधीच बनवून ठेवला होता. जुना रेग्युलेटर, दोन तारा, एक हिरवा दिवा आणि वर एक बटण. बिल्लाही चिकटवला होता. बटण दाबलं की दिवा विझायचा. वर झेंडूचं फूल ठेवलेलं. अगदी खरा वाटत होता.

"दाबा बाई," शेषराव पुटपुटले. त्यांचे डोळे विनवत होते. एक बटण दाबलं की त्यांची जॅकवेल त्यांना राहणार होती, बाईंची नोकरी राहणार होती आणि तन्वीर संध्याकाळी घरी पोचणार होते. बाईंनी बटणावर बोट ठेवलं. ठेवून राहिल्या.

मग त्यांनी बोट उचललं.

"पठाणसाहेब, हा डबा खोटा आहे."

"बाई!" शेषराव ओरडले.

"खरा नियंत्रक यांच्या छातीत आहे. मला तो बंद करता येत नाही. मी खोटी शपथ घेतली, कारण घेतली नसती तर तुमच्या यंत्राने त्या दिवशी यांना मारलं असतं. आणि त्या वीजकेंद्रातल्या माणसाला मारलं की नाही, ते तुम्ही शोधा. मला नाही शोधता येत. मी दमले."

तन्वीर खुर्चीत बसले. त्यांनी टॅब मांडीवर ठेवला. मग विचारलं, "ताई, हे मी लिहिलं तर तुमचं काय होईल ते ठाऊक आहे ना?"

"आहे. लिहा."

"आणि यांचं?"

शेषराव उठले, त्यांनी डब्यावरचं फूल उचललं आणि ते थोरलीला वाहायला निघून गेले. पुलावर त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तन्वीरनी खरं ते लिहिलं. महिनाभरात सगळीकडचं 'गप्प करणे' स्थगित झालं, समिती बसली, कामगारांच्या तपासण्या झाल्या, आणि छातीत, कानात, मेंदूत यंत्रं बाळगून कामावर येणारी कितीतरी माणसं सापडली. वीजकेंद्राची चौकशी चालू राहिली. कुंदाबाईंना सक्तीची निवृत्ती मिळाली, शेषरावांना वैद्यकीय. निरोपसमारंभ कोणाचाच झाला नाही. जाताना शेषराव एवढंच म्हणाले, "एक बटन व्हतं बाई. तेवढं दाबलं असतं तं काय झालं असतं?" मग त्यांनी बोलणं टाकलं. बाई दोनदा त्यांच्या घरी गेल्या, दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

बाकीच्या उपकरणांना नवे पालक मिळाले. एका नोंदीला मात्र कोणी घेईना, आणि ती खोडताही येईना. नोंद खोडायची तर विल्हेवाटीचा पुरावा जोडावा लागतो, आणि विल्हेवाट तर झालेली नव्हती. कार्यालयाने मुंबईला लिहिलं, मुंबईने कार्यालयाला. तोवर पालक तेच राहतील, असं उत्तर आलं.

म्हणून रोज सकाळी, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत, कुंदाबाईंचा फोन अजूनही बोलायचा. "पंप नियंत्रक, फिरता?" त्यांना 'हजर' म्हणून मोकळं होता आलं असतं. विचारणारं कोणी नव्हतं. पण एकदा खोटी ग्वाही दिली ती दिली, आता पुन्हा नाही. त्या यंत्राला थांबायला सांगायच्या आणि शेषरावांना फोन लावायच्या.

पहिल्या दिवशी बराच वेळ घंटा वाजली. मग फोन उचलला गेला.

"शेषराव, हजेरी आहे."

पलीकडून तुसडा आवाज, "हजर." फोन बंद.

वर्षभर दोघांत तेवढाच एक शब्द चालला. उन्हाळ्यात एकदा तो खोकत आला, तेव्हा बाईंचा दिवस काही धड गेला नाही. संक्रांतीला, होळीला, गुढीपाडव्याला तोच शब्द, तसाच घुश्शात. बाई तो ऐकायच्या, यंत्राला सांगायच्या आणि मग चहा प्यायच्या. चहा थंडच असायचा. पण अलीकडे त्यांना तो तसाच आवडायला लागला होता.

पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी फोन बोलला, बाईंनी शेषरावांना लावला.

"हजेरी आहे, शेषराव."

"हजर."

बाईंनी ठेवायला फोन कानावरून काढला, पण पलीकडून ठेवल्याचा आवाज आला नाही. त्यांनी तो पुन्हा कानाला लावला.

"बाई."

"बोला ना."

"थोरलीले फूल वाह्यलं असंन का कोनी?"

"मला काय माहीत? मीही घरीच बसलेय."

"मंग झेंडू घेऊन या इकडं," शेषराव म्हणाले. "ठेचा करून ठेवतो. एक पंप तं हाय हितं पूजाले."